वळणावर गप्प बसणारा हॉर्न: पद्मिनीच्या वायरिंगमध्ये दोन रविवार

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये नेटवर्क साथ देत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आजचा विषय आहे हॉर्न. एका जुन्या गाडीचा, जो स्टिअरिंग सरळ असलं की वाजतो आणि स्टिअरिंग वळवलं की गप्प बसतो.

गाडी माझ्या काकांची. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, कराडला असते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी एवढंच माहीत असेल. त्या टॅक्सीचा शेवटही अलीकडचाच: ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरमध्ये संपली. पण गाडी मुळात घरगुती. फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, पुढे पद्मिनी नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. इलेक्ट्रॉनिक्स नावाला नाही. ना सेन्सर, ना ईसीयू, ना लॅपटॉप लावायला पोर्ट. जे काही आहे ते तांबं, पितळ, पत्रा आणि स्विच. आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना सुट्टीत यापेक्षा चांगलं खेळणं मिळणार नाही.

पण हा खेळ नव्हता. काका महिन्यातून एकदा चिपळूणला जातात, कुंभार्ली घाटातून. त्या घाटात हॉर्न कुठे लागतो? वळणावर, जिथे समोरून एसटी येतेय की उसाचा ट्रक ते दिसत नाही. आणि वळणावर स्टिअरिंग कसं असतं? वळलेलं. म्हणजे हॉर्न नेमका लागतो तेव्हाच मुका. सरळ रस्त्यावर, जिथे गरज नाही, तिथे वाजतो.

त्यात यावर्षी आरसीचं नूतनीकरण आलंय. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. १९८६ची गाडी म्हणजे २००१, २००६, २०११, २०१६, २०२१ आणि आता परत. काही जण म्हणतात, विंटेज म्हणून नोंदवा ना. तर विंटेजसाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, ही चाळिशीतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११९ नंबरचा नियम हॉर्नचाच आहे, त्यामुळे तपासणीत साहेब हॉर्न वाजवून बघणारच. काकांनी तर जाहीरच करून टाकलं होतं, “लेका, पास झाली तर ठेवू, नाही तर भंगारवाल्याला फोन लावतो. आता माझ्याच्यानं धावपळ होत नाही.” ही गाडी आजोबांनी घेतलेली. काका हे सहज बोलले, पण त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

त्याआधी ते एका गॅरेजात जाऊन आले होते. तिथे निदान झालं: दोन्ही हॉर्न गेलेत, बदला. आता मला सांगा, हॉर्न बसलाय पुढे ग्रिलमागे. स्टिअरिंग कुठे वळलंय हे त्याला कसं कळणार? ज्या भागाला बिघाडाची अट माहीतच असू शकत नाही, तो भाग बदलून बिघाड जाणार नाही. हे कळायला मेकॅनिक असायला लागत नाही, पण गॅरेजात शंभर कामं पडलेली असली की एवढा विचार कोण करतो, तेही खरं.

आधी सर्किट समजून घेऊ. बॅटरीच्या प्लसवरून वायर फ्यूजला येते. फ्यूजमधून रिलेला. आमच्या गाडीत आधीच्या कोणा वायरमनने आजकालचा चार पिनांचा काळा चौकोनी रिले बसवलेला आहे, त्यामुळे पिनांचे नंबर सगळीकडे सारखेच: ३० म्हणजे फ्यूजमधून येणारा करंट, ८७ म्हणजे हॉर्नकडे जाणारा, ८६ आणि ८५ म्हणजे रिलेच्या आतल्या कॉइलची दोन टोकं. ८६ला पण फ्यूजमधूनच प्लस दिलेला. ८५ची बारीक वायर स्टिअरिंगच्या कॉलमवर जाते, तिथे एका फिरत्या पितळी रिंगवर टेकते आणि वर हॉर्नच्या बटणापर्यंत पोचते.

आणि इथे गंमत आहे. बटण दाबल्यावर प्लस येत नाही. बटण दाबल्यावर ती वायर स्टिअरिंगच्या लोखंडी दांड्याला टेकते, म्हणजे अर्थ मिळतो. बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे गाडीचा सगळा पत्रा म्हणजेच मायनसची वायर. अर्थ मिळाला की कॉइलमधून करंट वाहतो, रिले ‘टक’ करून आतला काँटॅक्ट जोडतो, आणि मग हॉर्नला जाड वायरने खरा करंट मिळतो. दोन हॉर्न मिळून आमच्याकडे साधारण आठ अँपिअर घेतात. एवढा करंट बटणाच्या नाजूक पत्रीतून नेला तर ती जळेल, म्हणून रिले. बटणातून जातो तो फक्त कॉइलचा, अँपिअरच्या सातव्या-आठव्या भागाएवढा.

जाता जाता, ज्यांच्या जुन्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजत सुटतो त्यांच्यासाठी: याच रचनेमुळे तसं होतं. बटणाकडे जाणाऱ्या त्या बारीक वायरचं इन्सुलेशन कुठेही सोलून ती पत्र्याला टेकली की झालं, रिलेला वाटतं बटण दाबलंय. अशा वेळी हॉर्नवर चादर कोंबायची नाही. फ्यूज काढायचा, आणि मग शांतपणे कॉलमच्या आसपास वायर कुठे घासलीये ते बघायचं.

आमचा प्रश्न उलटा होता. पहिल्या रविवारी सकाळी मी सगळ्यात आधी ८७ची वायर काढून ठेवली. म्हणजे बटण दाबल्यावर फक्त रिलेची टकटक ऐकू येईल, हॉर्न बोंबलणार नाही. शेजारी रविवारी सकाळी झोपलेले असतात हो. आता काका स्टिअरिंगवर आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून. सरळ: टक. डावीकडे पाव फेरा: टक. अर्धा फेरा: काही नाही. उजवीकडे अर्धा फेरा: काही नाही. परत सरळ: टक. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. आमच्या धंद्यात एखादा बग हुकमी पुन्हा घडवता आला की अर्धं काम झालं समजतात. तेच इथे. कधीतरी होणारा बिघाड हा शत्रू, दर वेळी होणारा बिघाड हा मित्र.

मग सर्किटचे मधोमध दोन तुकडे पाडले. ८७ परत जोडली आणि ३० आणि ८७मध्ये जाड वायरचा तुकडा धरला: हॉर्न वाजला, स्टिअरिंग वळलेलं असतानाही. म्हणजे फ्यूजपासून हॉर्नपर्यंतची बाजू निदान चालू तरी आहे. नंतर तो तुकडा काढून ८५ला एक वेगळी वायर लावून ती थेट बॅटरीच्या मायनसला टेकवली. रिले टक, हॉर्न चालू, स्टिअरिंग कुठेही असो. म्हणजे रिले ठीक. उरलं काय? ८५पासून बटण, बटणापासून दांडा, दांड्यापासून बॉडी. दोन मिनिटांत पाऊण गाडी संशयातून बाहेर. यात एक सांभाळायचं: ३०वर कायम बॅटरी असते, तिथली वायर चुकून बॉडीला टेकली तर ठिणगी पडते आणि फ्यूज जातो. हातातली अंगठी आणि स्टीलचं घड्याळ काढून ठेवायचं. हे सल्ले कंटाळवाणे असतात, पण द्यावेच लागतात.

आता मल्टिमीटर. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

लूज किंवा कार्बन धरलेला काँटॅक्ट मल्टिमीटरने नुसता तपासला की छान दिसतो. कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही. पाइप ९० टक्के बुजलाय, पण नळ बंद आहे. प्रेशर बघाल तर पूर्ण. नळ उघडल्यावर कळतं की पाणी करंगळीएवढंच येतंय. म्हणून करंट वाहत असताना मोजायचं, आणि एका टोकाला किती व्होल्ट आहेत हे नाही, तर मधल्या प्रत्येक जोडावर किती व्होल्ट ‘खाल्ले’ जातायत हे मोजायचं. चांगल्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये मीटर लावला तर जवळपास शून्य यायला हवा.

८७ परत काढली. बॅटरी १२.४ व्होल्ट. बटण दाबून, स्टिअरिंग सरळ ठेवून, दांडा आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मीटर लावला: २.६ व्होल्ट. शून्य यायला हवं होतं. मग स्टिअरिंग अर्धा फेरा वळवलं: ५.३ व्होल्ट. म्हणजे १२.४ पैकी ५.३ वाटेतच संपले, कॉइलला उरले ७.१. आमचा रिले साधारण पावणेआठ व्होल्टला ओढतो, हे मी त्याला वेगळ्या सप्लायवर लावून आधीच बघितलं होतं. सरळ असताना ९.८ मिळतायत, टक. वळल्यावर ७.१, गप्प. रिलेची काहीच चूक नाही, बिचाऱ्याला पोटभर मिळतच नाहीये.

आणि यातून एक जुनं कोडं सुटलं. काका म्हणायचे, “रेस केली की कधीकधी वाजतो रे वळणावर पण.” गॅरेजवाल्याला ते थाप वाटली. पण हिशोब करा. कॉइल ८० ओहमची. वाटेतला नको असलेला रोध निघतो साधारण ६० ओहम. इंजिन रेसवर असेल, चार्जिंग १४ व्होल्टला गेलं असेल, तर कॉइलच्या वाट्याला बरोबर ८ व्होल्ट येतात. पावणेआठच्या जरा वर! इंजिन आयडलवर आलं, १३ व्होल्ट झाले, की साडेसातच्याही खाली. वापरणारा माणूस सांगतो ते लक्षण विचित्र वाटलं तरी लिहून ठेवावं. काका गेली तीस वर्षं ही गाडी चालवतायत.

पुढे ५.३ व्होल्ट नेमके कुठे जातात ते शोधलं. दांडा ते स्टिअरिंग बॉक्सचं बाहेरचं कवच: ३.७. कवच ते चेसिस: १.६. चेसिस ते बॅटरी: शून्य. तर दोन जागा सापडल्या.

दुसरी सोपी. दोन वर्षांपूर्वी गाडीला रंग दिला तेव्हा स्टिअरिंग बॉक्स काढला होता, आणि तो परत बसवला ताज्या रंगावर. रंग म्हणजे इन्सुलेशन. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम अर्थ मिळत होता.

पहिली जागा जास्त मजेशीर. दांड्याला वर आधार देणारा बुश कधीतरी बदलून नायलॉनचा टाकलाय. नायलॉन चांगलं, खडखडत नाही, पण त्यातून करंट जात नाही. म्हणजे अर्थला एकच वाट उरली: दांड्याच्या खालच्या टोकाचं बेअरिंग आणि बॉक्समधले दाते, तेही तेलात बुडालेले. आणि स्टिअरिंग बॉक्स मुद्दाम असा सेट करतात की सरळ स्थितीत दाते सगळ्यात घट्ट बसावेत, म्हणजे हायवेवर स्टिअरिंगला प्ले जाणवू नये. बाजूला वळवलं की जरा मोकळे होतात. घट्ट असताना लोखंडाला लोखंड भिडतं. मोकळं झालं की मध्ये तेलाचा पापुद्रा येतो. म्हणून सरळ असताना टक आणि वळल्यावर शुकशुकाट. ना भूत, ना ‘जुनी गाडी म्हणजे असंच असतं’.

दुरुस्तीसाठी मी एकटा पडलो नाही. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट हे हौसेने सैल करायचे बोल्ट नव्हेत, त्यावर जीव अवलंबून असतो. कराडातच एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याबरोबर एक मिस्त्री. मिस्त्रींनी एका वेळी एकच बोल्ट काढला, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवला, दातेरी वॉशर आणि जाड वायरचं थिंबल घालून बोल्ट परत नीट आवळला. वायरचं दुसरं टोक चेसिसच्या घासलेल्या जागेवर. वर व्हॅसलिनचा हात, गंज लागू नये म्हणून. कवच ते चेसिस आता शून्य.

फिरत्या दांड्याला अर्थ द्यायचा प्रश्न उरला. तिथे वायर लावता येत नाही, गुंडाळली जाईल. मी फोनवर रेडिमेड कार्बन ब्रश शोधत बसलो होतो, तेवढ्यात त्या इलेक्ट्रिशियन काकांनी डब्यातून एका जुन्या होल्डरची पितळी पट्टी काढली, पकडीने वाकवून तिला स्प्रिंगसारखी केली, दांड्याचा वरचा भाग घासून घेतला आणि पट्टी त्यावर टेकेल अशी कॉलमच्या ब्रॅकेटला स्क्रूने बसवली. दहा मिनिटं. बसवल्यावर त्यांनी हॉर्न वाजवून बघितला नाही. आधी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवलं, पट्टी कुठे अडकत तर नाही ना म्हणून. त्यानंतर बटण. मीटरवर दांडा ते मायनस: कुठेही वळवा, ०.१च्या वर नाही. मी मोबाईल खिशात टाकला.

आता हॉर्न सगळीकडे वाजत होता. पण कसा, तर घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. ही दुसऱ्या रविवारची कथा, थोडक्यात सांगतो, कारण पद्धत तीच.

हॉर्न वाजत असताना त्याच्या पिनांवर मोजलं: ९.८ व्होल्ट. बॅटरी त्याच वेळी १२.२. मधल्या जोडांवर एकेक करत गेलो आणि फ्यूजवर थांबलो. फ्यूज चांगला होता, पण त्याला धरणाऱ्या पितळी चापांवर हिरवट थर होता. एकट्या त्या जागेवर २.१ व्होल्ट जात होते. आठ अँपिअर गुणिले २.१ म्हणजे जवळपास १७ वॅट. छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, यावरून समजा तिथे किती गरम होत असेल. फ्यूज उडत नाही, कारण करंट जास्त नाहीच. म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि प्लॅस्टिक हळूहळू पिवळं पडून वितळत राहतं. मायनसची वायर काढून चाप घासले, पकडीने जरा आवळले, त्याच अँपिअरचा नवा फ्यूज टाकला. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही. हॉर्नवर आता ११.८.

यानंतरच हॉर्नमागच्या स्क्रूला हात लावला. या हॉर्नचं काम जुन्या दारावरच्या घंटीसारखं. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते, ओढताना काँटॅक्ट तुटतो, पडदा परत येतो, काँटॅक्ट जुळतो, सेकंदाला काही शे वेळा. स्क्रूने तो काँटॅक्ट कुठे तुटायचा ते ठरतं. पूर्ण व्होल्टेज मिळण्याआधी स्क्रू फिरवला तर चुकीच्या परिस्थितीला सेटिंग जुळवल्यासारखं होतं. एका हॉर्नची वायर काढून दुसरा लावायचा, एकदम थोडा, घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांएवढा फिरवायचा, वाजवायचा, परत. कानात कापूस घालूनच. पहिल्या हॉर्नला दोन हिसक्यांत सूर लागला. दुसऱ्याला काही करावंच लागलं नाही, त्याला नुसती वीजच हवी होती.

खर्च? थिंबल, वायर, फ्यूज, वॉशर मिळून दीडशे रुपये. इलेक्ट्रिशियन आणि मिस्त्री यांची मजुरी वेगळी, ती काकांनी मला कळू न देता दिली. दोन नवे हॉर्न घ्यायचे वाचले.

एक गोष्ट मात्र ठळक लिहितो. यातलं काहीही तुमच्या आत्ताच्या गाडीच्या स्टिअरिंगवर करू नका. तिथे हॉर्नच्या बटणामागे एअरबॅग असते. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना मीटर लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. फ्यूज आणि रिलेपर्यंत तपासा, पुढे सर्व्हिस सेंटर. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी जीप, यांच्या स्टिअरिंगमध्ये फक्त स्प्रिंग आणि पितळ असतं, म्हणून हे लाड.

परवा काका चिपळूणला जाऊन आले. येताना घाटातल्या प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला म्हणे, काकू वैतागली. आरटीओची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. हँडब्रेक अजून ओढायचा राहिलाय आणि डावा वायपर अर्ध्यात थांबतो, त्याचीही अर्थिंगच बघणार आहे. भंगारवाल्याचा नंबर काकांच्या फोनमध्ये अजून आहे, मी विचारलं नाही. निकाल लागला की सांगतो. तोवर भेटू, पुढच्या भागात.